लोणीच्या पिंजऱ्यात हात

॥ श्री ॥

चँडलर, बुधवार, ७ जानेवारी

चि. सौ. आश्लेषा हिस,

आशीर्वाद. फोन तू घेत नाहीस, म्हणून कागद. सनीव्हेलला तू राहतेस त्या सुमेधाच्या घरचा पत्ता इलाच्या वाढदिवसाला आलेल्या खोक्यावर होता, तो मी तेव्हाच कापून ठेवला होता. हे पत्र परीक्षितला माहीत नाही, लेकाच्या नकळत सुनेला लिहिते आहे. कामापुरतंच लिहिते.

लोणी चावायला लागली आहे. दाण्याची वाटी ठेवायला हात आत घातला की कान मागे टाकते, घुरते आणि पुढच्या दोन्ही पायांनी हातावर उडी घेते. काल मनगटाला दात लागले. ससा घुरतो हे मला या वयात इथे येऊन कळलं. बार्शीला आम्ही भित्र्या माणसाला ससा म्हणायचो.

तू होतीस तेव्हा ती तुझ्या मांडीवर उताणी पडून लोकर विंचरून घ्यायची. आता कंगवा नुसता दाखवला तरी पाठ फिरवते. पोटाखाली लोकरीच्या गाठी झाल्यात, त्या कशा सोडवायच्या मला कळत नाही. कात्री लावायला भीती वाटते.

भाऊसाहेबाच्या कानालाही लागलं आहे. जाळीत अडकला असेल. हळद लावली. पांढरा ससा पिवळा होऊन बसलाय, डोक्याला बाशिंग तेवढं बांधायचं राहिलं. दोघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यात ठेवते, तू घालून दिलेली पद्धत मोडलेली नाही.

इला ठीक आहे. पुढचा दात पडला. डबा संपवून आणते.

लोणीला काय झालं असेल आणि काय करावं ते कळव. मला लिहू नकोस हवं तर. संध्याकाळी इलाशी बोलतेस तेव्हा तिला सांग, ती मला सांगेल.

तुझी,
आई

॥ श्री ॥

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

चि. सौ. आश्लेषा हिस,

सोबत तिळगूळ आहे. आज एकादशीही आली, त्यामुळे लाडू वळले पण चाखले नाहीत. गूळ कमीजास्त असला तर सांभाळून घे. सुमेधालाही दे.

काल इला टॅब हातात धरून गॅरेजमध्ये आली. तू पलीकडे होतीस, पण तिने टॅब असा धरला होता की मला तुझं कपाळच दिसत होतं.

“आजी, मॉम विचारते, भाऊसाहेबच्या इअरला एक कट आहे का दोन?”

“दोन.”

“अँड बॅकवरचे केस गेलेत?”

“थोडे.”

ती तुझ्याशी काहीतरी बोलली आणि वळून मला म्हणाली, “मॉम सेज, त्याला लोणीच्या केजमध्ये कोणी टाकलं?”

म्हणजे पत्र पोचलं, आणि तू ते वाचलंस. हळदीवरून ओळखलंस की बाशिंगावरून, ते तूच जाणे.

मीच टाकलं. अंगारकी होती, दिवस चांगला. भाऊसाहेबाला फडक्याने पुसला, कंगवा फिरवला आणि लोणीच्या पिंजऱ्यात सोडला. आपल्यात नवरा मुलीच्या दारी येतो. लग्न मुलीकडचे लावून देतात. मला दुसरं काही सुचलंच नाही, आणि कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. तो आत गेला, त्याने एकदा हुंगलं, आणि लोणी त्याच्या पाठीवर होती. कापूस पिंजावा तशी लोकर उडाली. मी केरसुणी मधे घातली तर केरसुणीच्या काड्या तोडल्या. भाऊसाहेब कोपऱ्यात तोंड खुपसून उभा, आणि ती त्याच्या कानाला धरून. शेवटी त्याला मागून ओढून बाहेर काढला.

मग मला आठवलं की तू लोणीच्या आईला उचलून नराकडे न्यायचीस. दोन दिवसांनी मी तसं केलं. लोणीच्या डोळ्यांवर पंचा टाकला, कुशीत धरली आणि त्याच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवली. तिथे ती वेगळीच. कोपरे हुंगत राहिली, अंग चोरून बसली. परक्या घरात तिचं काही चालेना. काम झालं. नर पडतो तसा भाऊसाहेब एका कुशीवर कोसळला आणि मी तोंड फिरवलं.

तेव्हा लोणीला दिवस गेले असतील असं धरून चालते. परीक्षितला सांगितलेलं नाही. पिल्लं नकोत, आहेत तेच कुणाला तरी देऊन टाकू, असं तो दिवाळीपासून म्हणतोय.

मी हे का केलं ते तू विचारलं नाहीस, म्हणून लिहीत नाही.

तुझा निरोप मिळाला: हात वरून घालायचा नाही, घार झडप घालते तसं तिला वाटतं. बाजूने, खालून, तिला दिसेल असा. करून बघते.

तुझी,
आई

॥ श्री ॥

शुक्रवार, २३ जानेवारी

चि. सौ. आश्लेषा,

घाबरू नकोस. इला बरी आहे. तुला तिने बोट दाखवलंच असेल, पण कसं झालं ते माझ्याकडून वाच.

तू सांगितलंस तसं सगळं चाललं होतं. परीक्षितचे बागकामाचे कातडी हातमोजे घालायचे. डाव्या हातात स्टीलची ताटली ढालीसारखी धरायची, तिच्या मागून उजव्या हाताने वाटी. आधी कोथिंबिरीची काडी, मग दाणा, म्हणजे हात आला की खायला येतं हे तिला कळावं. ती अंगावर आली तरी हात मागे ओढायचा नाही, ओढला की तिला वाटतं आपण हाकललं. डोक्यावर, कानांच्या मागे तळवा टेकवायचा आणि हलकं दाबून धरायचं. तुझ्या या शेवटच्या सांगण्यावर माझा विश्वास नव्हता. पण दाबल्यावर ती खरंच जमिनीला चिकटून बसली, डोळे अर्धे मिटले. त्या दिवशी मी पोटाखालच्या दोन गाठी बोटांनी सोडवल्या. चार दिवस दात लागला नाही. मी रोज गणपतीला सांगत होते, बाबा, आजचा दिवस गेला.

काल गणेश जयंती. मी मोदकाचं सारण परतत होते. इला भाऊसाहेबाला कुरवाळून आली आणि तशाच हाताने लोणीच्या जाळीतून बोट आत घातलं. लोणीने धरलं ते सोडेना. मी गेले तेव्हा इला ओरडतही नव्हती, नुसती उभी होती, तोंड उघडं. दोन टाके पडले.

काल तू तिला सांगितलंस ते आता कळलं, की बोटाला नराचा वास होता, लोणीला वाटलं तोच परत आला. हात धुऊन जायचं. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं नव्हतं.

परीक्षित दवाखान्यातून आला तो सरळ गॅरेजमध्ये गेला. लोणी त्याच्याकडे बघून घुरली. तो म्हणाला, “आई, इनफ.” रात्री फोनवर जाहिरात टाकली, सकाळी उत्तरही आलं. डेल नावाचा माणूस, कासा ग्रांदेकडे त्याचे पुष्कळ ससे आहेत. एकतीस तारखेला, शनिवारी, न्यायला येणार. इलाला परीक्षितने सांगितलं की लोणी मोठ्या फार्मवर राहायला जाणार. ती विचारते, “आजी, तिकडे तिला फ्रेंड्स असतील ना?”

फोन स्पीकरवर होता. त्या माणसाने विचारलं, “मीट ऑर ब्रीडर?”, कापायला की पैदाशीला, आणि परीक्षित म्हणाला, “व्हॉटेव्हर.” मॅट्रिकपुरतं का होईना, इंग्रजी मला येतं.

तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. मधे मी आणि आठ वर्षांची पोर. ती इकडचं तिकडे सांगते, आणि प्रत्येक वेळी निम्मं स्वतःजवळ ठेवते. डबा ती संपवत नाही, ते मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

लोणी गेली तर या घरात तुझं काय राहतं ते मी पाहिलं. थंडीची दोन जाकिटं आणि लोकरीचा कंगवा. जूनमध्ये शाळा संपली की तू इलाला न्यायला येशील आणि पाहुण्यासारखी दारात उभी राहशील. मी पाणी विचारीन. तू नको म्हणशील. ते मला बघवणार नाही, म्हणून लोणी जाता कामा नये. आता कळलं असेल की मी तिला नराकडे का नेली.

तू परीक्षितशी बोल. मी बोलले तर तो ऐकणार नाही, इतकं मी त्याला आजवर ऐकवलं आहे.

तुझी,
आई

॥ श्री ॥

रविवार, १ फेब्रुवारी

चि. आश्लेषा,

तू त्याला फोन केला नाहीस. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली.

काल दहाच्या सुमाराला डेलचा ट्रक आला. मागे तारेचे रिकामे पिंजरे. माणूस वाईट नाही. टोपी काढून मला “मॉर्निंग, मॅम” म्हणाला, बूट पायपुसण्याला पुसले. परीक्षितने गॅरेजचं दार वर केलं. तो धडधडणारा आवाज झाला की लोणी नेहमी उडते, तशी उडाली, आणि मी तिच्या पिंजऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते इंग्रजीत पाठ केलं होतं. ऐन वेळी चारच शब्द आले.

“नो. शी इज प्रेग्नंट.”

“काय?” परीक्षित म्हणाला.

डेलने मला विचारलं, किती दिवस झाले. मी बोटांवर आठवडे दाखवले. त्याने मान हलवली. म्हणाला, चिडकी मादी चिडकीच पिल्लं देते, ते रक्तातच असतं, मी तर चावणारी एक दिवसही ठेवत नाही.

“देन व्हॉट यू डू?” मी विचारलं.

त्याने हाताने दाखवलं. दोन मुठी जवळ आणल्या आणि झटक्यात लांब केल्या. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचा रोजचा धंदा.

इला माझ्यामागे होती. तिने ते पाहिलं. परीक्षितकडे वळून तिने एवढंच विचारलं, “डॅड, यू सेड फार्म.”

परीक्षितने खिशातून पाकीट काढलं. डेलला पेट्रोलचे पैसे देऊन परत पाठवलं. जाताना तो बिचारा सॉरी म्हणत होता.

मग स्वयंपाकघरात आम्ही दोघं. इलाला टीव्ही लावून दिला होता.

“आई, तू मला न विचारता हे केलंस.”

“हो.”

“आणि सांगितलंही नाहीस. महिना होत आला.”

“नाही सांगितलं.”

“माझ्या घरात.”

कुकरची शिटी झाली तरी कुणी उठलं नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, “तुला काय वाटलं, पिल्लं बघायला ती धावत येईल?”

मी भाजी निवडत राहिले. तू एकदा म्हणाली होतीस, लोणीचं पहिलं बाळंतपण मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. ते वाक्य मी धरून बसले होते. वाक्य माणसाने कधी म्हटलं आणि कुठल्या घरात म्हटलं, यालाही काही अर्थ असतो, हे मला परीक्षितच्या तोंडाकडे बघून कळलं.

“एक चान्स,” तो म्हणाला. “एकच. ती पिल्लांना काही करेल, मारेल, खाईल, तर मी डेलकडे स्वतः नेऊन देतो. तेव्हा मधे उभी राहू नकोस. इलाचं रडणं मी बघून घेईन.”

मी कबूल केलं. करावं लागलं. पहिलटकरीण सशीण घाबरली तर स्वतःची पिल्लं खाते, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि मी तेव्हा कानावर हात ठेवले होते. आता लोणी राहणार की जाणार ते पुढच्या रविवारवर आहे.

काल संध्याकाळी इला तुझा निरोप घेऊन आली. “आजी, मॉम म्हणाली, गॅरेज इज द वर्स्ट. त्या डोअरच्या आवाजाने ती बेबीजना हर्ट करेल. शी नीड्स अ क्वाएट रूम. डोअर क्लोज होतं अशी. आणि आत्ताच, लेट नको.”

मी म्हटलं, “बरं.”

या घरात तशी खोली एकच आहे.

आई

॥ श्री ॥

गुरुवार, ५ फेब्रुवारी, संकष्टी

आश्लेषा,

रविवारी दुपारीच लोणीला माझ्या खोलीत हलवली. परीक्षितने एक बाजू धरली, मी एक. तो बोलला नाही, पण पिंजरा भिंतीला लागू दिला नाही.

देव स्वयंपाकघरात फळीवर नेले. गणपतीची माफी मागितली, म्हटलं तुझ्या उंदराच्याच जातीतलं समज. माझी वळकटी इलाच्या खोलीत, खालच्या पलंगावर. ती वरून पाय लोंबकळवून विचारते, “आजी, तू आता माझी रूममेट?” घोरते मी, असं तिचं म्हणणं आहे.

ही पूर्वी तुझी कामाची खोली; रिकामी केली तेव्हा दाराला आतून ती चार भोकं दिसली. मुठीतलं कुलपाचं बटण मोडलं म्हणून तू तिथे कडी लावली होतीस. साडेपाचला तुझी मीटिंग असायची आणि माझी दिवेलागणही तेव्हाच. तिन्हीसांजेला घरातलं दार बंद ठेवू नये, लक्ष्मी परत जाते, हे मला माझ्या आईने सांगितलं आणि मी तुला. तू हेडफोन लावून बसलेली, मी दार ढकलून दिवा दाखवायची. मग कडी आली. कडी परीक्षितने काढली, पण स्क्रू ड्रायव्हर मी आणून दिला. हे तुला ठाऊकच आहे. ससे त्याच्या आधीच गॅरेजमध्ये गेले होते, माझ्या पलंगाला जागा हवी म्हणून.

आता ते दार दिवसभर बंद असतं. तिन्हीसांजेलाही. दिवा मी फळीवर लावते आणि त्या दारापुढून चपला काढून जाते, आवाज नको म्हणून. लक्ष्मीला काय वाटायचं ते वाटो.

लाकडी पेटी ठेवली, आत गवत. लोणी काल तोंडात गवताचा झुपका धरून खोलीभर हिंडत होती, मिशा फुटल्यासारखी. पिंजऱ्याचं दार मी उघडंच ठेवलं आहे, तू म्हणालीस तसं. दाणापाण्याला दोनदा जाते. आता ती दाराशीच येऊन घुरते. ताटली पुढे धरते, वाटी ठेवते, बाहेर येते. तिच्याकडे सरळ बघत नाही.

तुझा सगळ्यात अवघड निरोप कालचा: झाल्यावर लगेच बघायचं नाही. ती आपणहून बाहेर येईल तेव्हा तिला दुसरीकडे कोंडायचं, आणि मगच पेटीत हात. त्याआधी कुणी आत गेलं तर ती बिथरेल. इला म्हणाली, “मॉमने दोनदा सांगितलं. टेल आजी, नो पीकिंग.”

दोनदा सांगावं लागलं, यात तुझी चूक नाही.

परीक्षितने डेलचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. मी तो काढलेला नाही.

आई

॥ श्री ॥

सोमवार, ९ फेब्रुवारी

आश्लेषा,

काल झालं. तू फोनवर ऐकलंसच, पण इलाने तिच्या पद्धतीने सांगितलं असेल. मी माझ्या पद्धतीने सांगते.

शनिवारी संध्याकाळीच तिने छातीची, पोटाची लोकर ओरबाडायला सुरुवात केली होती. ज्या गाठी मला सुटत नव्हत्या त्या तिने दातांनी उपटल्या. काल सकाळी दाराखालच्या फटीतून लोकरीचे पुंजके वाऱ्याने बाहेर येत होते. आतून धपधप आवाज आला, पाय आपटल्याचा. मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वाईट होतं.

अर्धा तास गेला. परीक्षित येऊन उभा राहिला.

“आई, जाऊन बघ. मेली असतील.”

“नाही.”

“नसतील मेली तर खात असेल. उघड.” त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

मी त्याच्या आणि दाराच्या मधे गेले. म्हटलं, “ती बाहेर येईल तेव्हा. तिच्या मर्जीशिवाय आत जायचं नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही, पण हसण्याच्या जवळपास आला. “आई,” तो म्हणाला, “हे तू म्हणतेस?”

“मीच म्हणतेय. हात काढ.”

त्याने काढला.

दार वीतभर उघडून मी उंबऱ्याशी कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि बाजूला, भिंतीला टेकून खाली बसले. पलीकडे बाथरूमच्या दाराशी आणखी एक जुडी. जप करत होते, पण लक्ष सगळं कानात. गुडघे दुखायला लागले. परीक्षित हॉलमधे टीव्ही बंद करून बसला. इला त्याच्या मांडीवर. एवढ्या दिवसांत ती त्याच्या मांडीवर बसली नव्हती. मी दोनदा उठायला निघाले, खोटं कशाला सांगू. एकदा तर हात मुठीपर्यंत गेला. आतून ती घुरली, हळूच, जशी काही तिला दिसलं. हात मागे घेतला. या एका वेळी मागे घेतला तर चालतं, असं मी माझं ठरवलं.

ती आली तेव्हा मला वाटलं दुसरंच जनावर आहे. पुढची सगळी लोकर गेलेली, छाती उघडी, नाकाला रक्त. मी रक्त बघितलं आणि डेलच्या दोन मुठी आठवल्या. ती माझ्या पायावरून चालत गेली. चावली नाही. बाथरूमच्या दाराशी बसून कोथिंबीर खायला लागली. मी पायाने दार लोटलं.

मग मी आत गेले. हात साबणाशिवाय धुतले होते, तिच्याच लोकरीने चोळले. परीक्षित दारात थांबला. पेटीबाहेर कागदावर एक पडलं होतं, गार. ते बघून तो म्हणाला, “झालं.”

“थांब,” मी म्हटलं.

पेटीत वरपर्यंत लोकर. नुसती लोकर, लोण्याचा गोळा ठेवावा तशी. मी बाजूने हात घातला, वरून नाही. आत पोळ्यांच्या डब्यासारखं गरम होतं, आणि त्या गरमीत काहीतरी हललं. पाच. बोटाएवढी, उघडी, डोळे मिटलेली. एकावर एक. पोटं टच्च भरलेली. तिने त्यांना चाटून पुसून, पाजून झोपवलं होतं.

गार पडलेलं परीक्षितने हातात घेतलं. उलटून पाहिलं, सुलटं पाहिलं. खिडकीशी नेलं. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. जन्मतानाच बाहेर पडलं आणि गारठलं. नाकाचं रक्त बाळंतपणाचं. मग त्याने ते पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलं, मागे लिंबाखाली पुरलं, आणि आत येऊन फ्रिजवरचा नंबर काढून टाकला. मला सांगितलं नाही. मी दूध काढायला गेले तेव्हा दिसलं.

तू लगेच ये असं मी लिहिणार होते, ते खोडलं. कागद इथे फाटलाय तो त्यामुळेच.

संध्याकाळी इलाने टॅब आणला आणि तू म्हणालीस, “आजीला दे.” मग पहिल्यांदा माझ्याशीच बोललीस. “आई, आत कोण गेलं होतं?”

“मी,” मी म्हटलं. “ती बाहेर आल्यावर.”

मला वाटलं लाइन गेली. पण चित्र चालू होतं, तू डोळे पुसत होतीस की केस मागे घेत होतीस ते मला नीट दिसलं नाही, चष्मा नव्हता. मग तू विचारलंस, “पाचही प्यायली?” मी हो म्हटलं. एवढंच झालं आपलं. मला ते पुरलं.

लोणी अजून चावते, हे लिहिलं पाहिजे. सुधारली असं समजू नकोस. आज सकाळी तिने ताटलीवर दात मारले ते खोलीबाहेर ऐकू आलं. परीक्षित म्हणाला, “हिचं काही खरं नाही.” पण म्हणताना तोच तिला कोथिंबीर निवडून देत होता, देठ वेगळे करून.

पिल्लं सहासात आठवड्यांत मोठी होतील आणि तिघा-चौघांकडे जातील, तुला ती माणसं माहीत आहेत. मग खोली रिकामी होईल. मी परत तिथे जाणार नाही. इलाच्या खोलीत मला झोप लागते, आणि तिलाही, हल्ली ती डबा निम्म्यावर आणते. देव फळीवर रमले. ससे कुठे ठेवायचे, खोलीचं काय करायचं, कोणी राहायचं, का कुणीच नाही, ते तुझं तू ठरव. तू सनीव्हेलहून ठरवलंस तरी चालेल.

आज लोणी खायला बाहेर आली तेवढ्यात परीक्षितने कडी परत बसवली. ड्रिल नको म्हटलं, आवाज होतो. जुनी भोकं सैल झाली होती, स्क्रू धरेना. मी काड्यापेटीतल्या काड्या मोडून भोकांत कोंबल्या, मग धरला. या वेळीही स्क्रू ड्रायव्हर मीच आणून दिला.

नीलांबरी

ता. क. कडी नीट बसली आहे. इलाला आत उभं करून लावून घ्यायला सांगितली आणि मी बाहेरून खांद्याने जोर लावून पाहिला. उघडत नाही.